डोळ्यांचा दाह आणि दोन बाटल्या

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करून घरी निघालेल्या रुग्णाच्या हातात जो कागद पडतो, त्यावर थेंबांचे वेळापत्रक लिहिलेले असते. पहिल्या आठवड्यात दिवसातून सहा वेळा, दुसऱ्यात पाच वेळा, मग चार, तीन, दोन, एक. त्याखाली दुसऱ्या बाटलीचे नाव: दिवसातून तीन वेळा, महिनाभर. पहिली बाटली बहुधा स्टिरॉइडची असते आणि दुसरी बिगर-स्टिरॉइड दाहशामकाची. भारतात वर्षाला साठ लाखांहून अधिक मोतीबिंदू शस्त्रक्रिया होतात. तेवढ्या घरांत कोणी सून, कोणी नातू, कोणी शेजारीण घड्याळाकडे बघत हे थेंब टाकत असते.

दोन्ही बाटल्या खरोखर लागतात का? एकीने भागत असेल तर कोणत्या? सहा आठवडे हवेत की तीन पुरेत? मधुमेह असलेल्याला निराळे काही द्यावे का? इतक्या वर्षांच्या वापरानंतरही नेत्रतज्ज्ञांची या प्रश्नांवरची उत्तरे एकसारखी नाहीत. मोतीबिंदूच्या बाहेर पाहिले तर ही औषधे कॉर्नियाच्या जखमेत, ॲलर्जीत, कोरड्या डोळ्यांत आणि डोळ्याच्या आतल्या दाहातही वापरली जातात, आणि प्रत्येक ठिकाणचा वाद वेगळा आहे.

दाह कुठे अडवायचा

डोळ्याला इजा झाली, जंतू शिरले किंवा शस्त्रक्रियेचे हत्यार लागले, की पेशींच्या आवरणातून ॲरॅकिडॉनिक ॲसिड सुटते. त्यापासून पुढे प्रोस्टाग्लँडिन, ल्युकोट्राइन अशी रसायने तयार होतात. त्यांच्यामुळे रक्तवाहिन्या फुगतात, डोळा लाल होतो, ठणकतो, आत पेशी आणि प्रथिने झिरपतात, बाहुली आकसते.

बिगर-स्टिरॉइड औषधे यातला एकच टप्पा अडवतात: सायक्लोऑक्सिजनेज हे एन्झाइम रोखून प्रोस्टाग्लँडिन बनू देत नाहीत. स्टिरॉइड मात्र वरच्या टप्प्यावरच काम करते आणि शिवाय प्रतिकारपेशींची हालचालही मंदावते. धरणाचा मुख्य दरवाजाच बंद करावा, तसा स्टिरॉइडचा परिणाम. बिगर-स्टिरॉइड औषध एका पोटपाटाची फळी टाकते. स्टिरॉइडची ताकद आणि त्याचा धोका, दोन्हींचे मूळ इथे आहे.

कॉर्टिसोनचा संधिवातावरचा परिणाम १९४८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये दिसला. १९५० मध्ये फिलिप हेंच, एडवर्ड केंडल आणि टाडेउस राइखस्टाइन यांना त्यासाठी नोबेल मिळाले, आणि त्याच सुमारास नेत्रतज्ज्ञांनी ते डोळ्यांसाठी वापरायला घेतले. ज्या दाहाने डोळे जात, तो आवरू लागला. ॲस्पिरिनच्या घराण्यातली, म्हणजे बिगर-स्टिरॉइड, औषधे नेमके काय करतात हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवले. त्यानंतर सुमारे दीड दशकात त्यांचे थेंब बाजारात आले.

स्टिरॉइडची किंमत

कौतुकाची पहिली काही वर्षे सरतात न सरतात तोच, १९५० च्या दशकात, युरोपातल्या नेत्रतज्ज्ञांना काही रुग्णांच्या डोळ्यांचा दाब वाढलेला आढळू लागला. पुढच्या दशकात बर्नार्ड बेकर आणि मन्सूर अर्माली यांनी, स्वतंत्रपणे, निरोगी माणसांच्या डोळ्यांत काही आठवडे स्टिरॉइडचे थेंब टाकून दाब मोजला. त्यातून निघालेली वर्गवारी आजही पाठ्यपुस्तकांत आहे: शंभरातल्या पाच-सहा जणांचा दाब १५ मिलिमीटरपेक्षाही अधिक वाढतो, सुमारे एक तृतीयांश लोकांचा मध्यम प्रमाणात वाढतो, उरलेल्यांना फारसा फरक पडत नाही.

डोळ्यातले पाणी ज्या जाळीतून बाहेर जाते, तिच्यात स्टिरॉइडमुळे गाळ साठतो आणि निचरा अडतो. हे सहसा दोन ते सहा आठवड्यांत घडते. औषध थांबवले की बहुतेकांचा दाब काही आठवड्यांत खाली येतो. मात्र त्या काळात दृष्टीची नस दुखावली तर ते नुकसान भरून येत नाही. रुग्णाला यातले काहीच जाणवत नाही. डोळा उलट पांढराशुभ्र आणि शांत दिसतो. काचबिंदू असलेले, घरात काचबिंदूचा इतिहास असलेले, जास्त मायनस नंबरचे, मधुमेही आणि लहान मुले यांना हा धोका अधिक.

दीर्घ वापराने भिंगाच्या मागच्या पृष्ठभागावर मोतीबिंदू धरतो, आणि जंतुसंसर्ग असताना स्टिरॉइड दिले तर शरीराचे संरक्षणच ढिले पडते. कमी दाब वाढवणारे स्टिरॉइड शोधण्याचे प्रयत्न यातूनच झाले. लोटेप्रेडनॉल हे काम झाल्यावर डोळ्यातच निष्क्रिय होईल अशा बेताने घडवलेले औषध. अमेरिकेत ते १९९८ मध्ये मान्य झाले. डायफ्लुप्रेडनेट, मान्यता २००८ ची, याच्या दुसऱ्या टोकाला आहे: अतिशय प्रभावी, कमी वेळा टाकावे लागणारे, आणि म्हणूनच दाबाकडे अधिक लक्ष द्यायला लावणारे.

दुसरी बाटली

बिगर-स्टिरॉइड थेंबांचा प्रवेश एका मर्यादित कामासाठी झाला. १९८० च्या दशकात फ्लर्बिप्रोफेनला अमेरिकेत मान्यता मिळाली ती शस्त्रक्रिया चालू असताना बाहुली आकसू नये म्हणून. बाहुली मोठी राहिली की शल्यचिकित्सकाला भिंगापर्यंत नीट पोहोचता येते. १९९१ मध्ये डायक्लोफेनॅक शस्त्रक्रियेनंतरच्या दाहासाठी आले, मग केटोरोलॅक. २००५ मध्ये नेपाफेनॅक आणि ब्रोमफेनॅक ही दोन औषधे अमेरिकेत आली. नेपाफेनॅक बाटलीत निष्क्रिय असते. कॉर्नियातून आत जाताना डोळ्यातलीच एन्झाइमे त्याला जागे करतात. ब्रोमफेनॅकची गोष्ट वेगळीच आहे. त्याची गोळी यकृताला घातक ठरल्याने १९९८ मध्ये अमेरिकेतून मागे घेतली गेली. तेच रेणू थेंबांच्या रूपात, अत्यल्प मात्रेत, डोळ्यांसाठी उपयोगी ठरले.

हे थेंब दाब वाढवत नाहीत आणि वेदना छान कमी करतात. त्यामुळे निर्धोक म्हणून त्यांचे स्वागत झाले. १९९९ मध्ये या समजाला तडा गेला. अमेरिकेत काही रुग्णांचा कॉर्निया शस्त्रक्रियेनंतर विरघळू लागल्याच्या तक्रारी आल्या. मोतीबिंदू शल्यचिकित्सकांच्या तिथल्या संघटनेने सदस्यांकडून माहिती मागवली, तेव्हा बरीचशी प्रकरणे डायक्लोफेनॅकच्या एका जेनेरिक थेंबाशी जोडलेली निघाली. तो थेंब बाजारातून काढून घेण्यात आला. काहींनी त्यातल्या विद्रावकाकडे बोट दाखवले, काहींनी औषधाकडेच. पुढे इतर बिगर-स्टिरॉइड थेंबांबाबतही तुरळक नोंदी होत राहिल्या, आणि त्यांत एक सूत्र दिसले: मधुमेह, कोरडे डोळे, संधिवात, थोड्या काळात लागोपाठ झालेल्या शस्त्रक्रिया. कॉर्नियाच्या नसा आधीच दुबळ्या असतील तर वेदना शमवणारे औषध तिथे जपून द्यावे, यावर आता बहुतेकांचे एकमत आहे.

मोतीबिंदूनंतर: एक की दोन

शस्त्रक्रिया उत्तम होऊनही चार-सहा आठवड्यांनी नजर धूसर होते, असे काही रुग्णांत घडते. १९५३ मध्ये अर्विन यांनी हे वर्णन केले आणि १९६६ मध्ये गॅस आणि नॉर्टन यांनी डाय टाकून काढलेल्या चित्रांत दाखवले की पडद्याच्या मध्यभागी, मॅक्युलात, पाणी साठलेले असते. बहुतेकांत ते आपोआप ओसरते, पण काहींची नजर कायमची मंदावते. दोन बाटल्यांच्या वादाचे केंद्र ही सूज आहे.

दोन्ही द्यावीत असे म्हणणाऱ्यांच्या हाती युरोपातल्या प्रीमेड या अभ्यासाचे आकडे आहेत. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत मधुमेह नसलेल्या नऊशेहून अधिक रुग्णांचे तीन गट केले होते. बारा आठवड्यांत नजरेवर परिणाम करणारी सूज फक्त स्टिरॉइड घेणाऱ्यांत ५.१ टक्के, फक्त ब्रोमफेनॅक घेणाऱ्यांत ३.६ टक्के आणि दोन्ही घेणाऱ्यांत १.५ टक्के आढळली. शंभरातले तीन-चार रुग्ण वाचवण्यासाठी महिनाभर एक जादा बाटली, हा हिशेब त्यांना पटण्याजोगा वाटतो.

दुसरी बाजू अमेरिकन नेत्रतज्ज्ञ अकादमीच्या २०१५ च्या आढाव्यात आहे. बिगर-स्टिरॉइड थेंबांनी सुरुवातीच्या काळात नजर लवकर सुधारते हे त्यात मान्य केले होते. तीन महिन्यांनी किंवा त्यापुढे रुग्णाला अधिक चांगले दिसते, असा भक्कम पुरावा मात्र सापडला नाही. प्रश्न असा उरतो की जी सूज बहुतेकांत आपोआप जाते, ती टाळण्यासाठी सरसकट प्रत्येकाला औषध द्यावे की जोखीम असलेल्यांनाच.

तिसरा विचार मुख्यतः डेन्मार्कमधून आला: साध्या, गुंतागुंत नसलेल्या शस्त्रक्रियेनंतर फक्त बिगर-स्टिरॉइड थेंब पुरतात. २०२१ मध्ये तिथल्या एका तुलनात्मक चाचणीत सुरुवातीच्या दाहाच्या बाबतीत एकटे बिगर-स्टिरॉइड औषध जोडीच्या तोडीस तोड निघाले. त्याच चाचणीत एक गट थेंबांशिवायचा होता: शस्त्रक्रियेच्या शेवटी स्टिरॉइडचे एक इंजेक्शन, नंतर काही नाही. तो दाह आवरण्यात मागे पडला.

थेंबांपासून सुटका हवी असे वाटणाऱ्यांची कारणे तरीही खरी आहेत. वृद्ध रुग्णाचा हात थरथरतो, बाटली दाबण्याची बोटांत ताकद नसते, थेंब गालावर पडतो. अश्रुमार्गाच्या छिद्रात बसवायची, औषध हळूहळू सोडणारी बारीक कांडी अमेरिकेत २०१८ मध्ये मान्य झाली. ती अमेरिकी विमा व्यवस्थेच्या किमतीत बसते. भारतातल्या शिबिरांत, जिथे शस्त्रक्रियेच्या संपूर्ण खर्चाचा हिशेब काही हजारांत असतो, ती परवडण्याची शक्यता आज तरी कमी दिसते.

मधुमेही रुग्णांबाबत निर्णय आणखी नाजूक आहे. सूज येण्याची शक्यता त्यांच्यात जास्त, म्हणून दोन्ही औषधांकडे कल अधिक. पण दाबही त्यांचाच जास्त वाढतो आणि कॉर्नियाही त्यांचाच जास्त हळवा. प्रीमेडमध्येच मधुमेही रुग्णांचा वेगळा गट होता; त्यांना स्टिरॉइडचे इंजेक्शन दिल्यावर सूज कमी झाली, त्याबरोबर काहींचा दाब चढला.

जखम असताना स्टिरॉइड

कॉर्नियावरच्या जंतुसंसर्गात स्टिरॉइड द्यावे का, हा या क्षेत्रातला सर्वांत जुना आणि सर्वांत तापलेला प्रश्न. जंतू मेले तरी दाह चालूच राहतो, तो कॉर्निया वितळवतो आणि मागे पांढरे फूल ठेवतो. म्हणून दाह आवरायला हवा, असे एक म्हणणे. दाह आवरताना जंतूला मोकळे रान मिळेल, असे दुसरे.

याचा सर्वांत मोठा निवाडा भारतात झाला. डॉ. जी. वेंकटस्वामी यांनी १९७६ मध्ये मदुराईत अकरा खाटांवर सुरू केलेल्या अरविंद रुग्णालयाने अमेरिकेतल्या संस्थांबरोबर २००६ ते २०१० या काळात ५०० रुग्णांवर चाचणी घेतली. बहुसंख्य रुग्ण अरविंदच्याच रुग्णालयांतले होते. सर्वांना आधी ४८ तास प्रतिजैविक, मग निम्म्यांना प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड आणि निम्म्यांना औषध नसलेले थेंब. तीन महिन्यांनंतर दोन्ही गटांच्या नजरेत उल्लेखनीय फरक नव्हता. तसेच एकंदरीत मोठी इजाही दिसली नाही, आणि स्टिरॉइड म्हणजे हमखास घात असे मानणाऱ्यांना हा निकाल अनपेक्षित होता.

खोलात गेल्यावर चित्र बदलते. ज्यांना सुरुवातीला जेमतेम बोटे मोजता येत होती, त्यांना स्टिरॉइडने तक्त्यावरच्या दीडेक ओळीहून थोडा अधिक फायदा झाला. नोकार्डिया या जिवाणूच्या जखमा मात्र स्टिरॉइडने बिघडल्या. दोन्ही गट एकाच चाचणीतले, दोघांचेही डोळे लाल. फरक प्रयोगशाळेच्या काचपट्टीवर कळला.

इथेच भारतीय परिस्थितीचा मुद्दा येतो. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मदुराईच्याच एका पाहणीत, तपासणीत जंतू सापडलेल्या कॉर्नियाच्या अल्सरपैकी जवळपास निम्मे बुरशीमुळे झालेले होते. शेतात काम करताना धानाचे कूस, काडी किंवा पाते डोळ्याला लागते आणि बुरशी आत जाते. बुरशीच्या जखमेत स्टिरॉइड टाकले तर ती झपाट्याने खोल जाते. यावर नेत्रतज्ज्ञांत वाद नाही. नागिणीच्या जातकुळीतल्या हर्पिस सिम्प्लेक्स विषाणूबाबत भेद सूक्ष्म आहे: कॉर्नियाच्या वरच्या थरात झाडाच्या फांद्यांसारखी जखम असताना स्टिरॉइड वर्ज्य, पण आतल्या थराचा दाह असेल तर विषाणूविरोधी औषधाच्या जोडीने ते उपकारक ठरते, हे १९९४ मध्ये अमेरिकेतल्या चाचणीने दाखवले.

डोळ्याच्या आतल्या दाहात, युव्हिआयटिसमध्ये, तुलनेने शांतता आहे. पुढच्या भागाच्या दाहासाठी प्रेडनिसोलोन ॲसिटेट तासातासाला आणि बाहुली चिकटू नये म्हणून ती मोठी करणारे औषध, हा उपचार दशकानुदशके टिकला आहे. बिगर-स्टिरॉइड थेंब इथे पुरे पडत नाहीत. मतभेद आहे तो मुळातल्या कारणाच्या शोधाबाबत. भारतात क्षयरोगाची शक्यता किती गांभीर्याने आणि कोणत्या तपासण्यांनी पडताळावी, हे अजून ठरायचे आहे.

खाज सुटलेली मुले, कोरडे डोळे

उष्ण, कोरड्या हवेच्या प्रदेशांत मुलांना, विशेषतः पाच ते पंधरा वर्षांच्या मुलग्यांना, व्हर्नल केराटोकंजंक्टिव्हायटिस नावाची तीव्र ॲलर्जी होते. मूल डोळे चोळत राहते, उन्हात उघडत नाही, वर्गात फळ्याकडे बघू शकत नाही. स्टिरॉइडचा थेंब पडताच दोन दिवसांत आराम पडतो. आईवडिलांना तो थेंब देवासारखा वाटला तर नवल नाही. पुन्हा खाज सुटली की तीच बाटली, त्याच नावाने, पुन्हा आणली जाते, आणि हे वर्षानुवर्षे चालते. अशा मुलांत स्टिरॉइडमुळे झालेला काचबिंदू भारतीय नेत्ररुग्णालयांना चांगलाच परिचित आहे. काहींची नजर पंधरा-सोळाव्या वर्षीच गेलेली असते. हा सगळा आढावा घेताना सर्वांत जास्त अस्वस्थ करणारा भाग हाच आहे, कारण मूळ आजार वयात येताना बहुधा आपोआप मावळतो.

पर्याय आता आहेत. ॲलर्जीविरोधी ओलोपॅटाडिन, आणि तीव्र आजारात प्रतिकारशक्ती आवरणारे सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमस. टॅक्रोलिमसचे थेंब जपानने २००८ मध्ये मान्य केले. भारतात त्याचे मलम वापरले जाते. यांचा दाबावर परिणाम होत नाही, पण आराम हळूहळू पडतो, थेंब टाकल्यावर चुरचुरते आणि खर्च जास्त येतो. बहुतेक तज्ज्ञ स्टिरॉइड थोडे दिवस देऊन नंतर या औषधांवर यावे असे सांगतात. टॅक्रोलिमस किती वर्षे चालू ठेवावे याबाबत मात्र एकवाक्यता नाही.

कोरड्या डोळ्यांत दाहाचा वाटा असतो हे गेल्या दोन दशकांत प्रस्थापित झाले. सायक्लोस्पोरिनचे ०.०५ टक्क्यांचे थेंब अमेरिकेत २००२ पासून आहेत. तरी वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१९ च्या आढाव्याला त्यांच्या फायद्याचा पुरावा विसंगत वाटला. दवाखान्यातले अनुभव आणि चाचण्यांचे आकडे इथे अजून जुळलेले नाहीत.

मेडिकलच्या काउंटरवर

स्टिरॉइडचे नेत्रबिंदू भारतात शेड्यूल एचमध्ये येतात. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते विकता येत नाहीत. प्रत्यक्षात ‘डोळा लाल झालाय’ एवढ्यावर ते मिळतात. भर पडते ती प्रतिजैविक आणि स्टिरॉइड एकत्र असलेल्या बाटल्यांची. शस्त्रक्रियेनंतर त्या सोयीच्या आहेत, एका बाटलीत दोन कामे होतात. पण दुकानात त्यांची ओळख ‘इन्फेक्शनचे ड्रॉप’ अशी होते आणि त्यातले स्टिरॉइड ग्राहकाच्या ध्यानातही येत नाही.

२०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रात डोळे येण्याची मोठी साथ आली. पुणे जिल्ह्यात आळंदी परिसरातल्या शाळांपासून तिची चर्चा सुरू झाली. अशा साथी बहुधा विषाणूंमुळे येतात आणि आठवडा-दोन आठवड्यांत ओसरतात. थंड पाण्याच्या पट्ट्या, स्वच्छता, कृत्रिम अश्रू एवढे पुरते. ॲडेनोव्हायरसच्या साथीत काहींच्या कॉर्नियावर पुढे बारीक पांढरे ठिपके उमटतात. स्टिरॉइडने ते विरतात आणि थांबवल्यावर पुन्हा दिसतात. म्हणून नजर फारच धूसर झाली असेल तरच स्टिरॉइड द्यावे असे बरेच तज्ज्ञ मानतात, तर काही जण लवकर देण्याच्या बाजूने आहेत.

चिठ्ठी असूनही औषध पोहोचेल याची खात्री नसते. पापणीच्या खाचेत जेमतेम एका थेंबाची जागा असते. दोन टाकले तर दुसरा वाहून जातो. एका थेंबातलेही पाच टक्क्यांहून कमी औषध डोळ्याच्या आत शिरते. दोन औषधांमध्ये पाच मिनिटांचे अंतर ठेवले आणि नाकाजवळचा कोपरा मिनिटभर दाबला तर हा वाटा वाढतो. प्रेडनिसोलोन ॲसिटेट द्रवात तरंगत असते, विरघळत नाही. बाटली नीट हलवली नाही तर सुरुवातीच्या थेंबांत औषध कमी आणि तळाशी जास्त. हे रुग्णाला तोंडी सांगायला अर्धे मिनिट लागते, आणि गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात नेमके तेच राहून जाते.

काय बाकी आहे

मोतीबिंदूनंतर सहा आठवड्यांची उतरती मात्रा आजच्या छोट्या छेदाच्या शस्त्रक्रियेलाही हवी का, याचे नेमके उत्तर नाही. ती पद्धत मोठ्या छेदांच्या, टाके घालण्याच्या काळातून आली आहे. युरोपातल्या चाचण्यांतले रुग्ण फेकोने, म्हणजे ध्वनिलहरींनी भिंग फोडून काढण्याच्या पद्धतीने, शस्त्रक्रिया झालेले होते, तर भारतातल्या शिबिरांत हाताने करायच्या छोट्या छेदाच्या पद्धतीचे प्रमाण मोठे आहे आणि मोतीबिंदूही अधिक पिकलेले असतात. तिथले निष्कर्ष इथे किती लागू पडतात, हे भारतीय रुग्णांवरच्या अभ्यासातूनच कळेल.

दुसरा मोठा प्रश्न ओळखीचा. शंभरातले ते पाच-सहा जण कोण, हे थेंब सुरू करण्यापूर्वी कळले तर या वादातला निम्मा जोर जाईल. १९९७ मध्ये मायोसिलिन हे जनुक काचबिंदूशी जोडले गेले. त्याने तयार होणारे प्रथिन स्टिरॉइड दिलेल्या जाळीच्या पेशींतच आधी सापडले होते, त्यामुळे आशा वाढली होती. पण स्टिरॉइडने दाब वाढणाऱ्या बहुतेक रुग्णांत त्या जनुकात दोष आढळला नाही. रक्ताची अशी कोणतीही चाचणी आज उपलब्ध नाही. म्हणून दोन-तीन आठवड्यांनी दाब मोजणे एवढाच उपाय हाती आहे. मोठ्या रुग्णालयात तो नेहमीचा भाग असतो. गावातल्या शिबिराच्या रुग्णाला त्या दुसऱ्या फेरीसाठी तालुक्याला कोण नेणार, दाब मोजायचे यंत्र तिथे आहे का, आणि तोपर्यंत बाटली संपल्यावर नवी कुठून आणली गेली, यावर बरेच काही ठरते.